हौद्यातले अडीच फूट

शनिवारी दुपारी बारा वाजता शेवटचा डंपर रिकामा झाला, रोलर चार फेऱ्या मारून थांबला, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, आणि रस्ते खात्यात माल तपासणाऱ्या श्रीरंग दाभाडेच्या पोटात गोळा आला. तो जो आला तो रविवार उजाडला तरी हलायचं नाव घेईना.

काम तर दृष्ट लागण्यासारखं झालं होतं. मयूर विहारचा तो बसस्टॉप आणि त्याच्या मागची-पुढची दोनशे मीटर डावी लेन. दोन दिवस बॅरिकेड लावून बंद ठेवलेली, जुनं डांबर खरवडून काढलेलं, नवं घातलेलं. सोमवारी सकाळी सहाला पहिली बस सुटायची होती. पण श्रीरंगला तो काळाभोर सपाट रस्ता बघवत नव्हता.

मे महिन्यात दिल्लीचा रस्ता साठ अंशांच्या वर तापतो. त्यावर माणसांनी खच्चून भरलेली बस येते, ब्रेक मारते, उभी राहते, पुन्हा सुटते. एकामागून एक, दिवसभर. डांबर जराही मऊ पडलं असेल तर चाकाखालचं खाली बसतं आणि बाजूचं वर फुगतं. महिन्याभरात दोन लांबलचक चाकोऱ्या तयार. उन्हाळ्यात त्यांनी फक्त बूड आपटतं, पण पावसाळ्यात त्या पाण्याने भरल्या की कुणाला दिसत नाहीत. गेल्या जुलैत याच बसस्टॉपपाशी एका नर्सच्या स्कूटीचं चाक अशा चाकोरीत अडकलं. स्कूटी डावीकडे पडली, बाई उजवीकडे, आणि मागून बस येत होती. तिचा उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला. तो रस्ता श्रीरंगने पास केलेला नव्हता, पण चाकोरीची खोली मोजायला खात्याने त्यालाच पाठवलं होतं. सात सेंटिमीटर. पट्टी पाण्यात बुडवून त्याने तीनदा मोजलं होतं.

म्हणूनच या वेळी हे काम त्याच्याकडे आलं. जाड खडी, कडक जातीचं डांबर, प्रत्येक गाडीचं तापमान लिहून घ्यायचं, कशात म्हणून कसूर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिझेल नको.

डिझेलची गोष्ट अशी. गरम माल डंपरच्या हौद्याला चिकटतो. चिकटला की फेरी संपल्यावर ड्रायव्हरला हौद्यात उतरून पहारीने खरवडत बसावं लागतं, ते पण चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात. म्हणून माल भरण्याआधी हौदा आतून साबणाच्या पाण्याने पुसायचा, असा नियम आहे. पण साबणाने जेमतेम निभतं, आणि डिझेलने पुसलं की माल लोण्यासारखा घसरतो. फक्त हेच डिझेल डांबरात मुरतं आणि त्याला आतून ढिलं करतं. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

श्रीरंगला कळायचं. तीस वर्षं हीच त्याची ख्याती होती. डांबराचा माल बनवणाऱ्या प्लांटच्या गेटवर उभा राहून दहा पावलांवरून तो सांगायचा, “ये गाड़ी वापस। धो के लाओ।” डांबराच्या त्या घनघोर वासातून डिझेलचा बारीकसा धागा त्याचं नाक बरोबर उचलायचं. ड्रायव्हर लोक त्याला पाठीमागे ‘नाक साहब’ म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तर जानेवारीच्या तापात या माणसाचा वास गेला.

थोडाफार नव्हे, साफ गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल, कदाचित येणार नाही. घरात फक्त त्याच्या बायकोला, कुमुदला माहीत होतं. तेही कळलं ते भयंकर रीतीने. ती बाजारातून आली तर गॅसचं बटण उघडं, स्वयंपाकघर गॅसने भरलेलं, आणि हा शेजारच्या खोलीत आरामात पेपर वाचत बसलेला. त्या दिवसापासून ती एकच सांगत होती, “अहो, ऑफिसात सांगून टाका.” आणि हा एकच म्हणत होता, “सांगितलं तर उद्यापासून मी कोण?”

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? पण ज्याच्या बुद्धीला कुणी विचारत नाही, सहीला कुणी घाबरत नाही, बढती ज्याला चुकवून पुढे जाते, त्या माणसाकडे स्वतःचं असं एकच काहीतरी असतं. ते गेलं हे कबूल करायला छाती लागते. श्रीरंगची झाली नाही.

त्याऐवजी त्याने युक्ती काढली. माल भरायला रिकाम्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या की हा मागच्या फळीवर पाय देऊन चढायचा आणि हौद्याला आतून जुन्या पेपरचा बोळा फिरवायचा. पाणी असेल तर कागद वाळतो; डिझेल असेल तर तेलकट डाग राहतो, कागदातून पलीकडचं दिसतं. पहिल्या आठवड्यात त्याने दोन गाड्या पकडल्या, नंतर एकही सापडली नाही. त्याला वाटलं, वा, धाक बसला.

शनिवारी पहाटे मात्र घोळ झाला. त्याचे वरिष्ठ, साकेत गुप्ता, वयाने त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि अतिशय उत्साही, दुसऱ्या राज्यातले तीन इंजिनियर पाहुणे घेऊन गाझीपूरच्या पलीकडच्या प्लांटवर हजर झाले. “आइए सर, आपको हमारी मशीन दिखाता हूँ,” म्हणत त्यांनी पाहुण्यांना थेट श्रीरंगपुढे आणून उभं केलं. “लैब-वैब सब बाद में। दाभाडे जी सूँघ के बता देते हैं।” चौघं हसत त्याच्या नाकाकडे बघत राहिले. आता त्यांच्यासमोर पेपरचा बोळा कसा काढायचा? श्रीरंगने तो खिशातच चुरगाळला, पहिल्या डंपरपाशी गेला, डोळे मिटून खोल श्वास घेतला. गरम हवा आत गेली. बस, गरम हवा. “ठीक है,” तो म्हणाला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकोणीस गाड्या, एकोणीस वेळा ठीक है.

रविवारी सकाळपासून तो घरात येरझारा घालत होता. चहा गार झाला, पोहे तसेच राहिले. दिल्लीतल्याच द्वारकेला कुमुदच्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. कुमुद नारायणपेठ नेसून, उंच टाचांच्या चपला घालून तयार झाली आणि म्हणाली, “येताय ना?”

“मेट्रोपर्यंत सोडतो,” तो म्हणाला. “वाटेत जरा बसस्टॉपपाशी थांबू. तू फक्त एकदा वास घेऊन सांग.”

कुमुदने त्याच्याकडे बघितलं. चेहरा बघून तिने वाद घातला नाही.

साडेबाराच्या उन्हात ती दोघं बॅरिकेडच्या फटीतून आत शिरली. पलीकडच्या लेनमधून गाड्या भोंगे वाजवत चालल्या होत्या. कुमुदने पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि नारायणपेठीसकट रस्त्यावर वाकली. एका रिक्षावाल्याने वळून वळून बघितलं.

“काय येतोय?”

“डांबराचा वास येतोय. नवीन रस्त्याचा येतो तसा.”

“त्याच्या आत काही? रॉकेलसारखं, जरासं तिखट?”

“अहो, मला नाही कळत! सगळा एकच वास आहे. मी काय तुमच्यासारखी आहे का?” ती उठली, हात झटकले. ‘तुमच्यासारखी’ म्हणून गेल्याचं तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. “चला, मला उशीर होतोय. हे असं चालायचं नाही, सांगून टाका म्हणते मी कधीची.”

रागारागाने ती मेट्रोच्या दिशेने चार पावलं गेली आणि अडखळली. तिने खाली बघितलं. उजव्या चपलेची टाच रस्त्यात रुतली होती.

श्रीरंग धावत आला. टाच निघाल्यावर खाली दहा पैशांच्या नाण्याएवढं, नीट कोरल्यासारखं भोक राहिलं होतं. एका दिवसाचा रस्ता भर उन्हात थोडा मऊ असतोच, हे त्याने स्वतःला बजावलं. “कुमुद, मागे जा. तिकडून चालत ये. टाच दाबून.”

“काय नाटक आहे!”

“प्लीज.”

ती मागे गेली. दणादण टाचा आपटत आली. पहिल्या चाळीस-पन्नास पावलांत काही नाही, रस्ता दगडासारखा. मग बसस्टॉपच्या खांबाच्या थोडं आधी तिची टाच रुतली. पुन्हा रुतली. पुढची दहा मीटर प्रत्येक पावलाला भोक पडत गेलं. नेमकं जिथे बस उभी राहते तिथेच. त्यापुढे पुन्हा दगड.

श्रीरंगने मनात हिशोब केला. दहा मीटर म्हणजे एका डंपरचा माल. उद्या सहा वाजल्यापासून त्यावर बसगाड्या उभ्या राहणार, महिन्याने पाऊस येणार.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मी प्लांटवर जातो.”

“आणि काय करणार?”

“कुठली गाडी होती ते शोधतो. तेवढाच तुकडा आजच्या आज उकरून काढायचा. तेवढं तरी.”

कुमुदने पर्समधली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. “बारशाचं मी बघते. फोन करा हं,” ती म्हणाली, आणि मेट्रोच्या जिन्यापर्यंत तीनदा मागे वळली.

रविवारी प्लांट बंद असतो, पण डंपर तिथेच उभे असतात आणि ड्रायव्हर त्यांच्या सावलीत. रिंकू सगळ्यांत जुना. बुलंदशहरचा, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झाल्या तरी नाव रिंकूच. तो गाडीखाली खाट टाकून पडला होता. साहेबाला बघून धडपडत उठला, खाट पुसली, गाडीवरच्या पोराला थंड पाणी आणायला पिटाळणार तेवढ्यात श्रीरंग म्हणाला, “बैठो। एक बात सच-सच बताओ। कल किस गाड़ी में डीज़ल लगा था?”

रिंकूने खाटेची सुटलेली दोरी आवळायला घेतली.

“मैं किसी को पकड़ने नहीं आया। उतना टुकड़ा उखाड़ना है। बस गाड़ी नंबर बता दो।”

“कौन-सी एक गाड़ी बताऊँ, साहब?” रिंकू म्हणाला. “लगा तो सबमें था। किसी ने कम मारा, किसी ने ज़्यादा।”

श्रीरंग खाटेवर बसला. “उन्नीस की उन्नीस?” मग त्याला उगाच आशा वाटली. “कल मैंने काग़ज़ नहीं फेरा, इसलिए ना? मेहमान थे, इसलिए?”

रिंकूने मान खाली घातली. त्याला हे सांगायचं नव्हतं, हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. “साहब, काग़ज़ से क्या होता है? आप पीछे की फट्टी पे चढ़ते हो। आपका हाथ ढाई फुट जाता है। हम ढाई फुट साबुन से धो देते हैं। आगे का जैसा चलता था, वैसा।”

“कब से?”

“फरवरी से।”

गाडीखाली सावली होती, तरी श्रीरंगच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. “तुमको पता कैसे चला? कि मुझे...”

“जो आदमी दस कदम से बता देता था, वो अख़बार लेके गाड़ी पे चढ़ने लगा। हम अनपढ़ हैं साहब, पर इतना तो समझते हैं।” रिंकू जवळ सरकला, आवाज खाली आणला. “एक लौंडा हँसा था। मैंने उसको वहीं डाँटा। सबको बोला, ख़बरदार, ये बात गेट के बाहर नहीं जाएगी। साहब की नौकरी का सवाल है, इज़्ज़त का सवाल है। किसी ने मुँह नहीं खोला।”

आणि त्याने श्रीरंगकडे अशा नजरेने बघितलं, जणू हे ऐकून साहेबाला बरं वाटेल.

श्रीरंगला काय वाटलं ते सांगायचं तर, आपल्याला कुणीतरी भर चौकात उघडं केलंय आणि वर प्रेमाने शाल पांघरतंय, असं. रागवायचं तर कुणावर? चार महिने त्याने जे झाकलं, ते या माणसांनी मिळून झाकलं होतं. त्याच्यासाठी. आणि त्याच आडोशाला बसून रोज डिझेल मारलं होतं, कारण पहार घेऊन तापलेल्या हौद्यात उतरायचं असतं ते त्यांना, त्याला नाही.

त्याने खिशातून फोन काढला. फेब्रुवारीपासून आपण काय काय पास केलं ते आठवून लिहायला लागला. पहिली तीन नावं भराभर आली. मग हात मंद झाला. एक शाळेसमोरचा रस्ता होता, एक उड्डाणपुलाचा उतार, एक इस्पितळाला जाणारा. अकरा झाले. मयूर विहारचा धरून बारा.

त्याने साकेतना फोन लावला. सगळं सांगितलं, वास गेल्यापासून ते अडीच फूट आणि बारा रस्त्यांपर्यंत, मध्ये न थांबता, थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही या भीतीने.

साकेतनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बस स्टॉप वाली लेन मैं नहीं खुलने दूँगा। अभी मशीन बुलाता हूँ। ठीक किया आपने।” मग आवाज उतरला. “लेकिन दाभाडे जी, वो बाकी ग्यारह... देखिए, वो मैंने नहीं सुना। आप मेडिकल लीव पे चले जाइए। इज़्ज़त से। जो सड़क दबेगी, दबेगी। ख़राब डामर का नाम लेंगे, ओवरलोडिंग का नाम लेंगे। आप लिखित में कुछ मत दीजिए।”

“सर, बारिश एक महीने पर है।”

“मैं आपके भले की कह रहा हूँ।”

“हो,” श्रीरंग मराठीतच म्हणाला. सगळेच त्याचं भलं बघत होते. फोन ठेवल्यावर त्याने बारा रस्त्यांची यादी खात्याच्या मेलवर टाकली, खाली इंग्रजीत लिहिलं, या सर्व कामांची तपासणी मी केली, मला वास येत नव्हता, ही गोष्ट मी लपवली. आणि पुन्हा न वाचताच पाठवून दिली.

रिंकू उभा होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. “साहब, हमारा नाम?”

“तुम्हारा नहीं है। पास मैंने किया था।”

परतायला त्याने ऑटो केली. साकेतचा फोन लागोपाठ तीनदा वाजला, कुमुदचा एकदा. कुमुदला त्याने एवढंच सांगितलं, “सांगितलं. सगळंच सांगितलं.” ती म्हणाली, “मी निघते, घरी येते,” आणि मागे बाळ रडत होतं. उद्या चौकशी, परवा निलंबन, हे तो धरूनच चालला होता. पण नुसती यादी पाठवून काय होतं? यादी कुणीतरी उघडणार, फाईल होणार, फाईल टेबलांवरून फिरणार. दिल्लीत पाऊस फाईलची वाट बघत थांबत नाही.

तेवढ्यात ऑटो एकदम डावीकडे ओढली गेली. ड्रायव्हरने हँडल वळवलं, चाक वळेना. शंभरेक फूट तशीच घसटत गेल्यावर कुठे सुटलं.

“ये सड़क देखो, साहब,” ड्रायव्हर चिडून म्हणाला. “मार्च में बनी थी। नई की नई बैठ गई। पता नहीं कौन चोर पास करता है।”

श्रीरंगने बाहेर बघितलं. इस्पितळाकडे जाणारा रस्ता. उन्हात दोन चाकोऱ्या लांबवर चमकत गेल्या होत्या, आणि ऑटोच्या मागून येणारा एक मोटरसायकलवाला, मागे बायको, मध्ये मूल, त्यातल्या डाव्या चाकोरीत शिरून डगमगला, पाय टेकत टेकत सावरला आणि पुढे गेला.

“रोको,” श्रीरंग म्हणाला.

तो उतरला. पैसे दिले. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून त्याने चाकोरीत बोट उभं धरलं. दोन पेरं आत गेलं. मागून आलेल्या गाडीने कर्कश भोंगा वाजवला. तो उठला, पण फुटपाथवर गेला नाही. जिथून चाकोरी सुरू होत होती तिथे, रस्त्याच्या कडेला, रुमाल हातात घेऊन उभा राहिला आणि प्रत्येक दुचाकीला हात करायला लागला. “उधर से! बीच से! इसमें मत आओ, बीच से!” काही जण घाबरून वळले, काही शिव्या देऊन गेले. एक मुलगी हेल्मेटमधून हसली, पण गाडी मधून नेली.

पंधरा-वीस मिनिटांनी चौकातला ट्रॅफिक पोलीस काठी हलवत आला. “क्या तमाशा है, अंकल? धूप लग गई क्या?”

“ये सड़क मैंने पास की है,” श्रीरंग म्हणाला. पहिल्यांदाच तो हे वाक्य मोठ्याने बोलला होता, आणि त्याला रडू आवरेना. “ये ख़राब है। मुझे पता नहीं चला। लोग गिरेंगे।”

पोलिसाने त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. “तो रोज़ खड़े रहोगे यहाँ?”

मागून एक स्कूटी येत होती, सरळ चाकोरीच्या रेषेत. श्रीरंगने पोलिसाला बाजूला केलं आणि हात वर करून पुढे झाला.